रिपोर्ट नॉर्मल, माणूस नाही

रिपोर्टवर सगळं नॉर्मल होतं, आणि तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. माझं शरीर ज्या गोष्टीला कित्येक महिने साफ नकार देत होतं, तिच्याबद्दल लॅबचा कागद म्हणत होता की साहेब, तुम्ही ठणठणीत आहात. म्हणजे दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता, कागद किंवा मी.

मी दिल्लीजवळ मानेसरला, गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. संशय घ्यायचाच मला पगार मिळतो. पुरवठादार ‘सर, एकदम ओके माल है’ म्हणाला की मी आधी पेटी उलटी करून तळाचा माल बघतो. घरीही तेच. दुधाच्या पिशवीवरची तारीख, पनीरचा रंग, ऑटोवाल्याने घेतलेलं वळण, काहीही मी तपासल्याशिवाय सोडत नाही. रेणू, म्हणजे माझी बायको, म्हणते, ‘तुला स्वर्गात नेलं तरी तू आधी गेटपास खरा आहे का ते बघशील.’

आता उपचार चालू आहेत आणि मी बराच बरा आहे. हे लिहितोय ते माझ्यासारख्या पुरुषांसाठी, जे हा विषय मेले तरी काढत नाहीत. आणि त्यांच्या बायकांसाठी, ज्यांना वाटतं की नवऱ्याचं बाहेर काहीतरी चालू आहे. आमचा संसार आजाराने नाही, त्या वाटण्याने मोडायला आला होता. रेणू हे तिचं खरं नाव नाही. तिनेच निवडलं, आणि वर अट घातली, ‘लिहायचं तर सगळं लिही. स्वतःला सोयीचं तेवढंच नको.’

आधी दाढी

लोकांना वाटेल सुरुवात अंथरुणात झाली असेल. नाही. माझ्या लक्षात काहीच आलं नव्हतं, आलं ते आमच्या सईच्या. ती सहावीत होती. एका रविवारी माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, ‘बाबा, तू दोन दिवस शेव्ह नाही केलं ना? तरी बिल्कुल टोचत नाहीये. कूल!’ मी हसलो आणि विसरून गेलो.

मग थकवा. मयूर विहारहून मेट्रो, धौला कुआँला कंपनीची बस, तिथून मानेसर. ज्याचं आयुष्य असं जातं त्याने थकव्याबद्दल कुणाकडे तक्रार करायची? बसमधले सगळेच माना टाकून झोपलेले असतात. डोकं दुखायचं, ते मी प्रदूषणावर ढकललं. दिल्लीत ही एक मोठी सोय आहे, काहीही झालं की हवा खराब आहे म्हणायचं.

आणि मग ते. स्पष्टच लिहितो. शरीर साथ देईना, हे तर होतंच. पण ती गोष्ट निदान ऐकून माहीत असते, मित्रांच्या टवाळीत असते. मला घाबरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. मन होईना. आंघोळ करून आलेली बायको समोर केस पुसत उभी आहे आणि आपल्या डोक्यात येतंय की गीझर बंद केला का. पूर्वी असं नव्हतं हो! पूर्वी मी तिला सकाळच्या घाईत स्वयंपाकघरात अडवायचो आणि तिच्या हातचं लाटणं खायचो. आता मी वेळेआधी झोपायला जायचो आणि ती खोलीत आली की भिंतीकडे तोंड करून श्वास संथ ठेवायचो. तिलाही ते नाटक कळायचं. 

पाण्याचा दोष

दिल्लीत माणसाचे केस गळायला लागले की तो आरशाकडे नाही, नळाकडे बघतो. ‘पानी ही ख़राब है जी.’ नोएडा असो, गुडगाव असो, बोअरचं खारं पाणी, टँकरचं पाणी, या विषयावर आमच्या बसमध्ये रोज संसद भरते. माझेही केस विरळ झाले होते. शेजारी बसणारे यादवजी, आमच्या स्टोअरचे मॅनेजर, मोठ्या मायेचा माणूस. त्यांनी एक दिवस बॅगेतून बाटली काढली. ‘शेखर जी, ये खाओ. बायोटिन. हाई डोज़ वाली. देखो मेरे, आगे से नए आ रहे हैं.’ पुढे नवीन काहीही येत नव्हतं, पण मी दुसऱ्याच दिवशी तीच बाटली घेतली.

घरी सांगितलं नाही. चाळिशी उलटलेला माणूस केसांसाठी गोळ्या खातो हे रेणूला कळलं असतं तर तिने मला सोसायटीत तोंड दाखवायला जागा ठेवली नसती. बाटली ऑफिसच्या बॅगेत, छत्रीच्या कप्प्यात. रोज सकाळी बसमध्ये एक गोळी, यादवजींबरोबर, प्रसाद घ्यावा तशी. सुटीच्या दिवशी बाथरूममध्ये, गुपचूप.

माझ्या या गोष्टीत एकच खरा गुन्हेगार आहे, आणि तो मी रोज पाण्याबरोबर गिळत होतो. मला सगळ्या जगाचा संशय, पण त्या बाटलीचा नाही.

दोन्हीकडून

शेवटी मी गुपचूप एका युरोलॉजिस्टकडे गेलो. त्याने रक्ततपासणी लिहून दिली, हॉर्मोनसकट. शनिवारी सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन आलो. सगळं नॉर्मल. डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘टेंशन है आपको. वाइफ़ के साथ पहाड़ों में घूम आइए.’ वर एक गोळी दिली.

आम्ही लॅन्सडाउनला जाऊन आलो. सई हॉटेलच्या बागेत खेळत होती, आमच्या खिडकीतून देवदार दिसत होते. गोळीने शरीराने आपलं काम केलं, पण मी तिथे नव्हतोच. मध्येच रेणू थांबली. ‘राहू दे,’ म्हणाली. ‘उपकार केल्यासारखं नको.’ परतीच्या वाटेत मेरठपर्यंत मी नुसता रस्ता बघत गाडी चालवली. मागे सई एकटीच गाणी लावत होती.

त्यानंतर मी परत तपासणी केली, मग परत. दर वेळी नॉर्मल, दर वेळी शनिवार सकाळ.

‘कुठे जातोस रे दर शनिवारी?’ रेणूने विचारलं.

‘गाडीचं काम आहे.’

‘दर शनिवारी?’

‘जुनी झालीय गाडी.’

‘गाडी नाही रे,’ ती म्हणाली, ‘मी झालेय.’ आणि कुकरची शिट्टी काढायला आत गेली.

 मी गाडीची किल्ली घेतली आणि खाली जाऊन बसलो.

रेणूच्या बाजूने बघा. नवरा हात लावत नाही. फोन उपडा ठेवतो. शनिवारी गायब. आणि एक दिवस बॅगेतून छत्री काढताना केसांच्या गोळ्यांची बाटली सापडते! कोणाही बाईने काढला असता तोच अर्थ तिने काढला. पण ती भांडली नाही. दिल्लीत जन्मलेली, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेली, डीटीसीच्या बसमध्ये धक्के देऊन जागा मिळवणारी ही बाई. ती गप्प बसली याचंच मला भय वाटायला हवं होतं. मी मात्र उलट तिच्यावरच संशय घेऊन बसलो, कारण ती फोनवर हळू आवाजात बोलायला लागली होती. एकदा मी ऐकलं, ‘नाही, त्याला आत्ता काही सांगायचं नाही. ऑर्डर हातात आल्यावर बघू.’ कसली ऑर्डर? कोणाची? बरोबर आहे, मी म्हटलं, नवऱ्यात दम नाही म्हटल्यावर कुणीतरी असणारच. दोघंही एका छताखाली एकमेकांवर पाळत ठेवून होतो आणि सईच्या डब्याला भेंडी द्यायची की बटाटा यावर चर्चा करत होतो.

मर्दानगीचं पॅकेज

मेट्रोच्या खांबांवर ज्यांच्या पाट्या असतात तसल्या एका क्लिनिकातही मी जाऊन आलो. लाज वाटते, पण रेणूची अट आहे. टाय लावलेला एक पोरगेला माणूस होता. डॉक्टर नव्हता, ‘काउन्सिलर’ होता. माझं वयही न विचारता म्हणाला, ‘सर, मेल हार्मोन की कमी है. इंजेक्शन का कोर्स है, पैकेज में. पहला आज ही लगा देते हैं.’

‘कमी कशावरून? रिपोर्टमध्ये तर नॉर्मल आहे,’ मी हिंदीत विचारलं.

‘सर, रिपोर्ट में तो सबका नॉर्मल ही आता है.’

मी उठलो. मोजल्याशिवाय दुरुस्ती करणाऱ्या माणसाला मी कारखान्याच्या फाटकातही उभं करत नाही, दंडात सुई कुठली टोचू देतोय! पुढे कळलं की माझ्या आजारात ते इंजेक्शन घेतलं असतं तर आकडा वर गेला असता, मूळ दुखणं आत तसंच वाढत राहिलं असतं. जे कुणी वाचताय, त्या पाट्यांच्या नादी लागू नका.

पण त्या टायवाल्याचं एक वाक्य डोक्यात राहिलं. सगळ्यांचं नॉर्मलच येतं.

एक तुकडा, दोन गेज

आमच्याकडे नियम आहे. तुकडा डोळ्यांना चुकीचा दिसतोय आणि मापनयंत्र, ज्याला आम्ही गेज म्हणतो, ते बरोबर दाखवतंय, तर तुकड्याशी भांडायचं नाही. तोच तुकडा दुसऱ्या गेजवर लावायचा. इतक्या वर्षांत शेकडो वेळा केलेलं काम. मग स्वतःच्या बाबतीत का नाही सुचलं?

पुढच्या शनिवारी मी एकाच सकाळी दोन वेगळ्या लॅबमध्ये रक्त दिलं. पहिलीत डावा हात, दुसरीत उजवा. संध्याकाळी दोन्ही रिपोर्ट फोनवर शेजारीशेजारी उघडले आणि गाडीत बसल्या बसल्या मांडीवर थाप मारली. पहिलीत टेस्टोस्टेरॉन नॉर्मल, दुसरीत तळाला. प्रोलॅक्टिन नावाचं आणखी एक हॉर्मोन पहिलीत नॉर्मल, दुसरीत भलतंच वर. एकच माणूस, एकच सकाळ!

मला वाटलं, चोर पकडला. एक लॅब बोगस आहे, कोणती ते शोधायचं. त्यासाठी मी हॉर्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरबाईंची वेळ घेतली. आजाराचं मी विसरूनच गेलो होतो, मला लॅबवाल्याला उघडं पाडायचं होतं.

डॉक्टरबाईंसमोर

शनिवारी मी बूट घालत होतो तर रेणू पर्स घेऊन दारात उभी.

‘गाडीच्या कामाला ना? चल, मी पण येते. बघू तरी कशी दिसते तुझी गाडी.’

आता सांगावंच लागलं. ‘डॉक्टरकडे चाललोय.’

‘अच्छा? मग डॉक्टर बघू.’

हॉस्पिटलच्या ओपीडीत आम्ही अनोळखी माणसांसारखे बसलो होतो. नंबर आला. डॉक्टरबाई साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, शेजारच्या काकूंसारख्या. आणि त्यांनी जे प्रश्न विचारले! इच्छा होते का? कधीपासून होत नाही? सकाळी उठताना ताठरता असते का? आवाज जराही न बदलता, जणू विचारतायत की चहात साखर किती घेता. मी खाली बघून उत्तरं देत होतो. ‘नहीं. सुबह भी नहीं. बहुत टाइम से नहीं.’ शेजारी रेणूची मान वर झालेली मला जाणवली. हे तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

‘और कुछ लेते हैं आप? विटामिन, जिम का पाउडर, देसी दवा?’

‘जी नहीं,’ मी म्हणालो.

रेणूने पर्स उघडली. बाटली टेबलावर ठेवली, ठेवली कसली, आपटली. ‘ये लेते हैं, मैडम. छुपा के. बालों के लिए. पूछिए इनसे, किसके लिए.’

कुठे पाहू ते मला कळेना. मी लॅबचा चोर पकडायला आलो होतो आणि ती माझ्याच बॅगेतला पुरावा सकाळी पर्समध्ये घालून आली होती! डॉक्टरबाईंनी बाटली उचलली, चष्मा कपाळावर सरकवून लेबल वाचलं, माझे दोन्ही रिपोर्ट पुन्हा पाहिले आणि चक्क हसल्या.

‘बेटा,’ त्या रेणूला म्हणाल्या, ‘मुझसे छोड़ो, आपसे छोड़ो, इन्होंने तो मशीन से झूठ बोला है.’

मग त्यांनी समजावलं. काही लॅबची यंत्रं हॉर्मोन मोजताना याच बायोटिनचा वापर करतात. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन भरपूर असलं की यंत्र गोंधळतं, एखादा आकडा खोटा वर दाखवतं, एखादा खोटा खाली. दुसऱ्या लॅबची पद्धत वेगळी, म्हणून तिथे खरं दिसलं. कोणतीच लॅब बोगस नव्हती. गेज बरोबर होतं, मीच त्यात रोज सकाळी माती घालत होतो. कारखान्यात कुणी असं केलं असतं तर मी त्याला सगळ्या लाइनसमोर झापलं असतं.

गोळ्या बंद. थोडे दिवस थांबून पुन्हा तपासणी, या वेळी पहिल्याच लॅबमध्ये, माझ्या हट्टावरून. प्रोलॅक्टिन आभाळाला, टेस्टोस्टेरॉन तळाला. डॉक्टरबाईंनी डोक्याचा एमआरआय लिहून दिला. का, असं विचारल्यावर म्हणाल्या, मेंदूच्या खाली पिट्यूटरी नावाची छोटी ग्रंथी असते, तिथे गाठ असू शकते. तीच प्रोलॅक्टिन सोडत सुटते, आणि ते वाढलं की पुरुषाचं हॉर्मोन दबतं. इच्छा, ताकद, दाढी, सगळं. पुढे त्या बरंच काही बोलल्या. मला ‘गाठ’ हा शब्द ऐकू आला, त्यानंतरचं काही नाही.

एमआरआयच्या बाहेर

तळघरातल्या त्या वेटिंग रूममध्ये थंडी फार होती. मी निळा गाऊन घालून बसलो होतो, मागच्या नाड्या रेणूने बांधल्या होत्या. अंगठी, घड्याळ, पाकीट, सगळं तिच्या पर्समध्ये. मला मरायची भीती वाटत होती, पण त्याहून विचित्र म्हणजे, आत जायच्या आधी मला एका गोष्टीचा छडा लावायचा होता.

‘फोनवर कोणाशी बोलतेस ग तू? हळू आवाजात?’

तिने माझ्याकडे बघितलं. ‘ताईशी.’

‘कसली ऑर्डर?’

‘बदलीची. मी नागपूरला बदली मागितलीय. ताईच्या जवळ. सईला घेऊन जाणार होते.’ मग स्वतःच दुरुस्त करत, ‘जाणार आहे.’

ताई म्हणजे तिची थोरली बहीण, आणि रेणू केंद्र सरकारच्या एका खात्यात आहे. नागपूरला चार दिवस राहिली की हिला छोले-कुलचे आठवतात, आणि ही दिल्ली सोडणार. म्हणजे तिचं बाहेर कुणीही नव्हतं. बरं वाटायला हवं होतं ना?  दुसरा माणूस असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो. इथे भांडायला माझ्याशिवाय कुणी नव्हतंच.

‘तुझे उपचार होईपर्यंत मी आहे,’ ती म्हणाली. ‘घाबरू नकोस. पण दोन गोष्टी एकमेकांत मिसळू नकोस, शेखर. तू आजारी आहेस म्हणून मी तुझ्यावर खूश आहे असं नाही.’

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. त्या नळीत ठाक ठाक आवाज चालू असताना मी रडलो. हलू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणून न हलता रडलो. पाणी दोन्ही कानांत गेलं.

गोळी

गाठ होती. कॅन्सरची नव्हती. डॉक्टरबाई म्हणाल्या की या गाठीला बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही, गोळीनेच आक्रसते. माझा विश्वास बसला नाही. डोक्यातली गाठ गोळीने जाते? मी दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊन विचारून आलो. तिथेही तेच. डोळ्यांची तपासणी झाली, कारण गाठ नजरेच्या शिरांवर दाबू शकते. त्या अंधाऱ्या खोलीत, ठिपका दिसला की बटण दाबताना, मी इतका घाबरलो होतो की न दिसलेल्या ठिपक्यांनाही दाबलं. तपासणी परत करावी लागली. नजर शाबूत होती.

गोळी आठवड्यातून दोनदा. सुरुवातीला मळमळ, उठलं की गरगरायचं. गोळीच्या दिवशी रेणू मुगाची खिचडी करायची आणि काही न बोलता ताट पुढे सरकवायची. यादवजी बसमध्ये माझी खिडकीची जागा धरून ठेवायचे. मी त्यांना गाठीचं आणि बायोटिनने चकवलेल्या रिपोर्टचं सांगितलं, बाकीचं नाही. त्यांनी ते ऐकल्यावर स्वतःची बाटली फेकून दिली, मला सांगून, माझ्यासमोर.

डॉक्टरबाईंनी एक तंबी दिली होती, तीही मला नाही, रेणूला. या औषधाने क्वचित माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटतो. जुगार, वाट्टेल ती खरेदी, नको तितकी कामेच्छा. त्या माणसाला स्वतःला ते कळत नाही. ‘आप नज़र रखिएगा.’

रेणू बाहेर येऊन हसत सुटली. कितीतरी दिवसांनी. ‘ऐकलंस? आता संशय घेणं माझी ड्यूटी आहे. डॉक्टरने लिहून दिलीय.’

दाढी टोचायला लागली. सई म्हणाली, ‘ई, बाबा, दूर हो!’ मला इतका आनंद झाला की मी तिला आणखी घासलं. आणि मग एका सकाळी, रेणू दारात उभी राहून टँकरवाल्याशी कडाकडा भांडत होती, पदर खोचलेला, हातात पाण्याचा पाइप, आणि मला वाटलं, हिला आत ओढावं. इतकंच. एवढीशी गोष्ट. मी बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून हमसाहमशी रडलो.

लगेच संशय! हे मी की गोळी? मी स्वतःला विचारून पाहिलं, उत्तर येईना. डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं, तर म्हणाल्या, ‘अपनी ही बीवी के लिए लगा ना? तो ख़ैरियत है.’

ऑर्डर

पुढच्या तपासणीत गाठ लहान झाली होती, आकडे वळणावर आले होते. आमचंही, म्हणजे, जमायला लागलं. अवघडत, हसत, कधी अर्ध्यावर सोडून देत. पण रेणू पूर्ण माझी नव्हती. ती यायची आणि मग खिडकीबाहेर बघत बसायची.

सगळे खूश होते. नागपूरहून ताई फोनवर म्हणाल्या, तो स्पीकरवर होता म्हणून मी ऐकलं, ‘बघ, मी सांगत होते की नाही? बिचारा आजारी होता. तू उगाच संशय घेत होतीस. त्याचं तुझ्यावरचं मन कधी उडालंच नव्हतं.’ माझी आईही साताऱ्याहून तेच म्हणाली. रेणू ‘हं’ म्हणायची.

आणि बदलीची ऑर्डर आली. रविवारची दुपार होती, सई मैत्रिणीकडे गेली होती. जेवण झाल्यावर रेणू म्हणाली, ‘आलीय. जॉइन करायचं की नाही ते मला या आठवड्यात कळवायचंय.’

‘नको जाऊस,’ मी म्हणालो. ‘आता सगळं ठीक झालंय ना. आता तर कळलंय की माझं काही नव्हतं.’

‘हो. सगळे तेच म्हणतात. माझंच डोकं फिरलं होतं.’ तिचा आवाज सपाट होता. ‘मला एक सांग. खरं सांग. तेव्हा शरीरच साथ देत नव्हतं, की मी नकोशी झाले होते?’

सोपं उत्तर माझ्या जिभेवर होतं. शरीर, राणी, फक्त शरीर, मनात तर तूच होतीस. ताई हेच म्हणत होत्या, आई हेच म्हणत होती. हे म्हटलं की ती थांबेल असं मला वाटत होतं. पण समोर बसलेली बाई माझ्याकडे, मी पुरवठादाराकडे बघतो तशी बघत होती.

‘नकोशी झाली होतीस,’ मी म्हणालो.

तिने समोरचं ताट बाजूला सरकवलं.

‘मनच होत नव्हतं, रेणू. तू समोर असायचीस आणि मला काही वाटायचं नाही. कुणाबद्दलच वाटत नव्हतं, पण तुझ्याबद्दलही नाही. तू जवळ आलीस की मला कटकट वाटायची. आजारामुळे होतं ते, आता कळतं. पण होतं. तुला दिसत होतं तसंच होतं. बाई नव्हती, तेवढंच तुझं चुकलं.’

बोलून गेलो आणि वाटलं, गेलं. आता ही उठेल, आणि सईच्या शाळेचा दाखला काढायला लागेल. 

रेणूने तोंडावर पदर धरला आणि ती रडायला लागली, मोठ्याने, सई लहानपणी रडायची तशी. मी उठून जवळ गेलो तर तिने माझा शर्ट मुठीत पकडला.

‘मला वाटत होतं मी वेडी आहे,’ ती म्हणाली. ‘रोज तुझ्या डोळ्यांत दिसायचं. रोज. आणि सगळे म्हणायचे, उगाच. तूपण म्हणायचास, काही नाही, दमलोय. मला वाटायला लागलं होतं की मला काही नीट दिसतच नाही.’

‘तुला नीटच दिसत होतं.’

‘परत म्हण.’

‘तुला नीटच दिसत होतं, रेणू. मीच खोटं बोलत होतो.’

 मग तिने नाक पुसलं, फोन ओढला आणि माझ्यासमोरच बहिणीला लावला.

‘ताई, मी येत नाहीये,’ ती म्हणाली. ‘आणि ऐक, मला भास होत नव्हता.’